‘ही तीच ना?’ : महिला व बाल विकास संचालनालय आणि बाल कल्याण समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, महिला व बाल विकास संचालनालय, गोवा सरकार, पणजी
तसेच उत्तर व दक्षिण गोव्याच्या बाल कल्याण समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीबरोबर पोलीस ठाण्यात बसले होते. मुलगी 19 वर्षांची. ज्याच्याबरोबर ती राहत होती त्याने तिला मारलं होतं, आणखीही बरंच काही केलं होतं. मनगटावरचे काळेनिळे वळ तिने ओढणीखाली घेतले होते. समोरच्या हवालदारांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिता लिहिता पेन थांबलं. वर बघून ते बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाले, "ही तीच ना? ती शाळेतली केस?"

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण विचारतो तसं त्यांनी विचारलं. पण खोलीतली आणखी दोन माणसं मान वळवून बघू लागली. मुलीने ओढणी आणखी पुढे ओढली आणि मला म्हणाली, "बाई, चला."

आम्ही निघून आलो. त्या "तीच" या एका शब्दासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत गेली वीसेक वर्षं शिकवते. ही मुलगी चौथीला माझ्या वर्गात होती. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) शेजारच्या एका माणसाने तिच्यावर अत्याचार केला होता. तिने ते मधल्या सुट्टीत, डबा न उघडता, मला सांगितलं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असं कळलेल्या कोणाही माणसाने ते पोलिसांना कळवायलाच हवं आणि न कळवणं हा कलम 21 प्रमाणे गुन्हा आहे. आम्ही कळवलं. खटला चालला, त्या माणसाला शिक्षा झाली, मुलीच्या नावावर भरपाईची रक्कमही जमा झाली. तुमच्या दप्तरात ही केस नीट पार पडलेल्या केसेसमध्ये असेल आणि ते खोटं नाही. त्या वेळी तुमच्या माणसांनी मनापासून काम केलं होतं.

पुढे काय झालं? निकालानंतर तिच्याकडे कोणीही आलं नाही. समुपदेशन थांबलं. आईने पहिल्यापासून तिलाच बोल लावला होता, तो थांबला नाही. दहावीनंतर तिने शाळा सोडली, घर सोडलं, किनाऱ्याकडच्या एका दुकानात कामाला लागली. राहायला खोली हवी होती, ती ज्याने दिली त्याच्याबरोबर राहू लागली. ती या सगळ्यातून जात असताना मी तिला एकदा तरी फोन करायला हवा होता. मी केला नाही. त्यामुळे या पत्रात जो जाब विचारते आहे तो आधी मला लागू आहे.

लहानपणी ज्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला त्याच्यावर मोठेपणी पुन्हा तसं काही होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 2019 मध्ये असे 80 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत बारा हजारांहून अधिक पीडित होते आणि त्यांतल्या जवळपास 48 टक्के जणांवर पुन्हा लैंगिक अत्याचार झाला होता. म्हणजे दोघांतला एक. दुसऱ्यावर झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे, आणि मी शिक्षिका असल्याने माझं लक्ष त्या दुसऱ्याकडे जास्त जातं. त्याला काय मिळालं जे पहिल्याला मिळालं नाही?

आपल्याकडे हे किती मुलांचं दुखणं आहे? केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना विचारून एक अहवाल काढला. त्या 13 राज्यांत गोवा होता. 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्यांचा विषय निघाला की आपण सगळे खाली बघतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता माझं सांगते. नाव खाली घालणार नाही, कारण माझी आई अजून त्याच घरात राहते.

माझा जन्म सत्तरी तालुक्यातल्या एका गावातला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचं मूळ घर भरून जायचं. मुंबईहून, बेळगावहून माणसं यायची, रात्री वसरीवर, म्हणजे ओसरीवर, एका ओळीत अंथरुणं पडायची आणि कोण कुठे निजलं याचा हिशेब कोणी ठेवत नसे. बाबांचा एक चुलतभाऊ मुंबईहून यायचा. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला तोच पुढे. शिडीवर उभा राहून तो खालून आंबाडे मागायचा, तोरिंगं मागायचा, सुपारीचा घोस मागायचा, आणि ते एकेक त्याच्या हातात देण्याचा मान आम्हा मुलांचा. सगळ्यांचा लाडका माणूस होता. 1989 च्या चवथीला मी नऊ वर्षांची होते. त्या रात्रीनंतर पाच चवथी मी मोजल्या आहेत.

दुसऱ्या चवथीला मी आईला सांगितलं. ती चुलीपाशी नेवऱ्या तळत होती. तिने झारा बाजूला ठेवला, दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "ओगी राव. कोणाक सांगूं नाका. चवथ आसा." (गप्प राहा. कोणाला सांगू नकोस. चवथ आहे.) मग झारा परत उचलला. तळण करपू नये म्हणून.

मी आईला दोष देत नाही. चाळीस माणसांच्या घरात सून म्हणून राहणाऱ्या बाईजवळ दुसरा कोणता मार्ग होता, हे मला आज कळतं. पण नऊ-दहा वर्षांची मुलगी त्या एका वाक्यातून काय शिकली ते बघा. सांगून काही होत नाही. आपल्याला बरं वाटत नसलं तरी घराचं बरं चाललेलं असलं पाहिजे. अंगावर हात आला की निपचित पडून राहायचं, म्हणजे लवकर संपतं.

मी 21 वर्षांची झाले तेव्हा हे धडे पाठ होते. म्हापशात एका खासगी ऑफिसात नोकरी लागली होती. एका संध्याकाळी शेवटची कदंब बस चुकली. मालक म्हणाला, गाडीने सोडतो. गाडी वाटेत थांबली तेव्हा मी ओरडले नाही, दार उघडून पळाले नाही. हात-पाय थिजले. माझं अंग नऊ वर्षांचं झालं आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं.

भीतीपुढे माणूस झगडतो किंवा पळतो असं आपण धरून चालतो. तिसरीही एक गोष्ट होते, अंग गोठतं. ते कोणी ठरवून करत नाही. ज्या मुलाला पळून जायला जागाच नव्हती त्याचं अंग पुढेही आधी तिकडेच वळतं. यात भर म्हणून कोणाचा स्पर्श बरा आणि कोणाचा नको हे ओळखणारी आतली घंटा बंद पडलेली असते, कारण लहानपणी ती वाजली तेव्हा मोठ्यांनीच ती हात ठेवून दाबली. आपण मुळातच खराब, आपल्याला नाही म्हणायचा हक्क नाही, असं मनात पक्कं बसलेलं असतं. काही जण दारूकडे वळतात, काही जण पहिल्यांदा गोड बोलेल त्याच्या मागे जातात, काही जण घरातून पळतात आणि पळालेल्या पोरीला निवारा देणारा फुकट देत नाही.

आणि हे हेरणारे हेरतात. यावर आपण कमी बोलतो. मोठेपणी पुन्हा अत्याचार होण्याचं कारण पीडितेच्या स्वभावात शोधायला सगळे तयार असतात. पण अत्याचार करणारा माणूस कोणाला निवडतो? जिच्या पाठीशी कोणी नाही तिला. जिने आधी एकदा सांगून पाहिलं आणि तोंडघशी पडली तिला. त्याला ते दिसतं, जसं मला वर्गात शिरल्यावर कोणत्या मुलाने सकाळपासून काही खाल्लेलं नाही ते दिसतं.

तक्रार द्यायला मी बाबांबरोबर गेले. लिहून घेणाऱ्यांनी विचारलं, ओरडलीस का नाही? मला वाटलं, खरं कारण सांगावं. लहानपणचं सांगितलं, कधी नव्हे ते एका परक्या माणसासमोर. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आधीही असं झालंय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. मग त्या गृहस्थांनी बाबांना बाहेर नेऊन समजावलं, की कोर्टात मुलीचे धिंडवडे निघतील, त्यापेक्षा घरी न्या. आम्ही घरी आलो.

त्यांचं म्हणणं त्या काळच्या कायद्याला धरून होतं, हे मला पुढे कळलं. ते साल 2001. भारतीय साक्षीपुराव्याच्या कायद्यात तेव्हा कलम 155(4) होतं. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई एकूण वाईट चालीची आहे असं दाखवून तिची साक्ष पाडायची मुभा त्याने दिली होती. 2002 च्या दुरुस्तीने ते गेलं. 2013 मध्ये तर संमतीच्या प्रश्नात बाईचा पूर्वीचा लैंगिक अनुभव गैरलागू आहे असं कायद्यातच आलं. बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईची दोन बोटांची तपासणी कोणी करू नये, करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये बजावलं. म्हणजे कागदावर बाईचा भूतकाळ तिच्याविरुद्ध वापरणं बंद झालं. तरी गेल्या पावसाळ्यात, त्या टेबलापाशी, पेन थांबलंच.

आपल्या गोव्याने या बाबतीत देशाला वाट दाखवली होती, याचा मला अभिमान आहे. मडगावात मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला तिथल्या मुलांवरच्या अत्याचारांसाठी 1991 मध्ये अटक झाली, 1996 मध्ये जन्मठेप झाली आणि 2003 मध्ये गोवा बाल कायदा आला. मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. पॉक्सो यायला अजून नऊ वर्षं होती. पण तो कायदा आज उघडून वाचला की त्यावर त्या काळच्या भीतीची, बाहेरच्या माणसाच्या भीतीची, छाप दिसते. हॉटेलच्या खोलीत नात्यागोत्याच्या माणसाखेरीज कोणाबरोबर मूल जाऊ नये, फोटो धुणाऱ्याने मुलांचे आक्षेपार्ह फोटो दिसले तर कळवावं, अशी कलमं त्यात आहेत. गरजेची होती. नात्यातलं माणूस मात्र तिथे भरवशाचं धरलेलं आहे.

मडगावची बातमी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आजोबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, ते तिकडचं, आपल्यात असलं काही नसतं. वसरीच्या खांबाला टेकून मी ते ऐकत होते.

तर आता मागणं.

पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं हे, की निकाल लागल्यावर किंवा 18 वर्षं पुरी झाल्यावर मुलाची फाईल मिटवू नका. बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी 21 वर्षांपर्यंत मागाहूनच्या देखभालीची तरतूद आहे. जे मूल कधी संस्थेत गेलंच नाही, घरीच राहिलं, त्याच्यासाठी असं काही नाही. आणि बहुतेक मुलं घरीच राहतात, अनेकदा ज्या घरात घडलं त्याच घरात. वर्षातून तीन-चारदा एका ओळखीच्या ताईने घरी किंवा फोनवर विचारपूस करावी, निदान 21 पर्यंत. शिकते आहेस का, कुठे राहतेस, कोणाबरोबर राहतेस, झोप लागते का. 2020 च्या पॉक्सो नियमांनी खटल्याच्या काळात मुलाबरोबर सहाय्यक व्यक्ती दिली आहे. मूल त्या माणसाला धरून राहतं. निकालाच्या दिवशी तो हातही सुटतो. तोच पुढे काही वर्षं राहू द्या. गोवा बारा तालुक्यांचा. राज्याच्या ज्या लहान आकारामुळे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मुलीला "तीच" म्हणतात, त्या लहान आकाराचा एकदा तरी तिला उपयोग होऊ द्या.

दुसरं, आईकडे बघा. मूल सावरणार की खचणार यावर मोठा परिणाम कशाचा होतो, तर त्याने सांगितल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने ते खरं मानलं का आणि ते त्याच्या बाजूने उभं राहिलं का. हे अभ्यासांतही आहे आणि माझ्या वर्गातही. आपण मुलाला समुपदेशकाकडे पाठवतो आणि आईला बाहेरच्या बाकावर बसवतो. त्या बाईचाही संसार हललेला असतो. करणारा कधी तिचा दीर असतो, कधी भाऊ, कधी नवरा. तिच्याशी बोलणारं कोणी नसेल तर ती माझ्या आईने सांगितलं तेच सांगेल.

तिसरं त्या टेबलासाठी. पॉक्सोचं कलम 33 सांगतं, की मुलाला आक्रमक प्रश्न विचारून किंवा त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून छळू देऊ नये. अठरावा वाढदिवस उलटला की ही ढाल गळून पडते. मुलगी तीच, जखम तीच. पोलीस, इस्पितळ, अत्याचारपीडित बायकांसाठीचं सखी केंद्र, जिथे जिथे दुसऱ्यांदा तक्रार घेऊन कोणी येईल तिथल्या माणसांना तुम्ही हे एवढंच शिकवा, की आधीची केस आठवली तरी ती मोठ्याने बोलायची नाही. पहिल्या वेळच्या पीडिताचं नाव गुप्त ठेवण्याचा कायदा दुसऱ्या वेळीही लागू असतो. आणि दुसरी तक्रार आली म्हणून ती खोटी ठरत नाही. वर दिलेले आकडे पाहिले तर ती अपेक्षितच धरायला हवी.

आणखी एक. माझ्यासारखी माणसं आहेत, चाळिशीतली, पन्नाशीतली, ज्यांना कोणावर केस करायची नाही, फक्त एकदा नीट बोलायचं आहे. माझा काका वारला. मला कोर्ट नको. मला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊन उपचार मिळाले, चांगले मिळाले, पण वाळपईहून दोन बसेस बदलून, शाळेतून रजा काढून आणि घरी दर वेळी काहीतरी कारण सांगून मी गेले. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस, दारावर पाटी न लावता, एक शिकलेली समुपदेशक बसली तर किती बायका येतील याची तुम्हाला कल्पना येणार नाही. पुरुषही येतील, थोडे उशिरा.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी एका महिला वकिलांना घेऊन आम्ही परत त्याच ठाण्यावर गेलो. टेबलापाशी वेगळ्या बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, दार लोटलं, आणि ती बोलत असताना मधे थांबली तेव्हा घाई केली नाही. तक्रार नोंदली गेली. दीड तास लागला. ती आता दुसरीकडे राहते, काम करते, आणि दर रविवारी मला फोन करते. कधी मी करते.

चवथीच्या सुट्टीत शाळा बंद होतात, मुलं मूळ घरी जातात, वसऱ्यांवर अंथरुणं पडतात. त्याआधीच्या शनिवारी आमच्या शाळेत पालकसभा असते. मुलांनी कुठे, कोणाजवळ निजायचं, आणि मुलाने काही सांगितलं तर हातातलं काम खाली ठेवून कसं ऐकायचं, एवढ्याच विषयावर यंदा मी बोलणार आहे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवणार आहे. गेल्या वर्षी माझी आई अशा सभेला मागच्या बाकावर बसून होती, घरी येताना वाटेत म्हणाली, "तेन्ना हांवें तुका ओगी राव म्हळें, तें चुकलें." (तेव्हा मी तुला गप्प राहा म्हटलं, ते चुकलं.)

तुमच्यापैकी कोणी यंदा त्या सभेला येऊ शकेल का? दुपारी तीनला सुरू होते. आयांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, की त्यांनी तक्रार केली तर तुम्ही निकालानंतरही येत राहाल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
सत्तरी, गोवा